धुतलेली हवा

सातपूरला आमच्या बिल्डिंगमध्ये दिवेलागणीच्या वेळी पहिल्या मजल्यावर यायचं असेल तर आधी खालून ओरडून विचारावं लागायचं, "काका, वाट आहे का?" कारण त्या वेळी निंबाकाकांची झाडं बाहेर यायची. एक-दोन नाही, चांगली सत्तावीस. ग्रीसच्या डब्यांत, कापलेल्या तेलाच्या कॅनमध्ये, फुटक्या बादल्यांत लावलेली. एकेक डबा पोटाशी धरून काका खोलीतून निघायचे, गॅलरीत भिंतीला लावून ठेवायचे आणि पुन्हा आत जायचे. सकाळी सहाला हीच वरात उलटी. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, यात खंड म्हणून नाही. पोरं चेष्टा करायची, "काका, झाडांना शी-शूला काढलं का?" काका हसायचे नाहीत. "रातच्याला झाडं इख सोडतात," म्हणायचे. "बाईंनी सांगितलंय."

त्या बाई म्हणजे मी. शाळेत विज्ञान शिकवते, आणि तोंडाची फटकळ म्हणून सगळ्या कॉलनीत ठाऊक आहे. दुधात पाणी घालणाऱ्या भैयापासून शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत मी कोणाची भीड ठेवली नाही. आणि जिथं खरोखर तोंड उघडायला हवं होतं, तिथं मूग गिळून बसले. निंबाकाकांबद्दल लिहायचं म्हणजे हे आधी कबूल करायला हवं.

काका मूळचे कळवणकडचे. तरुणपणी सातपूरच्या एका कारखान्यात लागले आणि तिथल्या ग्राइंडिंग खात्यात त्यांनी जन्म काढला. अंगानं काटक, उंचीनं बेताचे, कानानं थोडे कमी. बोलणं नाशिकच्या पाण्यानं बरंच सरळ झालं होतं, पण आनंद झाला किंवा राग आला की गावची बोली वर यायची, मग 'आहे'चं 'शे' व्हायचं. अनसाकाकू, त्यांची बायको, सिन्नरची. तिनं नऊ-दहा वर्षांची असल्यापासून विड्या वळल्या. लग्न होऊन नाशिकला आली तरी तंबाखू आणि पानांचं सूप मांडीवरून उतरलं नाही. बसल्या जागी हात चालायचे, डोळे टीव्हीवर आणि तोंड आमच्याशी. पन्नाशीला आली तेव्हा तिला जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून दम घ्यावा लागायला लागला. पुढं तर भाकरी थापतानासुद्धा मध्येच थांबायची. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं गेलेली आहेत, ती पहिल्यासारखी व्हायची नाहीत, आता आहे ते जपायचं.

त्याच सुमारास काकांचा कारखाना बंद पडला. त्यांना मूलबाळ नव्हतं. काका घरी बसले ते अक्षरशः बसलेच. भिंतीकडे तोंड करून. जेव म्हटलं तर जेवायचे, झोप म्हटलं तर झोपायचे. मी समोरच्या खोलीत राहायची, येता-जाता दिसायचे. वाटायचं, या घरात आजारी नक्की कोण आहे?

अशात एका रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत एक लेख आला. घरात कोणती झाडं लावली तर हवा शुद्ध होते, असा. रंगीत फोटो, झाडांची नावं, सगळं झोकात. मी कात्रण कापलं आणि काकांना नेऊन दिलं. म्हटलं, "काका, बघा, तुमच्या कामाचं आहे." खरं सांगते, फार विचार करून दिलं नव्हतं. माणूस भिंतीकडे बघत बसलाय, हातात काहीतरी द्यावं, एवढंच.

काकांनी तो लेख चार वेळा वाचला. मग लॅमिनेशन करून आणला आणि देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून गंगापूर रोडच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. आठ महिन्यांनी त्यांना सायकलवर बघून अख्खी गॅलरी कठड्याशी गोळा झाली होती. आधी मनी प्लांट आला, मग पट्ट्यापट्ट्यांचं स्नेक प्लांट, मग कोळ्याच्या पायांसारखं स्पायडर प्लांट, कोरफड, रबराचं झाड, छोटा पाम. एका झाडाची चार करायची कला त्यांच्या बोटांत कुठून आली देव जाणे. लोखंड घासलेली बोटं ती, पण कोवळी मुळी मोडली नाही कधी.

एका दुपारी मी पेपर तपासत होते. चाळीस पेपर, दुसऱ्या दिवशी द्यायचे. काका दारात. "बाई, एक इचारू? झाडं रातच्याला काय करतात?"

मी मान वर न करता सांगितलं, "दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री कार्बन डायऑक्साइड." सातवीच्या मुलाला सांगावं तसं.

"म्हणजे इख?"

"तसंच काहीतरी," मी म्हटलं.

यातली मेख अशी, की ते प्रमाण अगदी नगण्य असतं. शेजारी झोपलेला माणूस त्याच्या कितीतरी पट जास्त सोडतो. आणि चार कुंड्यांनी खोलीची हवा बदलेल, इतकं ते सोपं काम नाही, हेही मला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम. पण माझ्या हातात लाल पेन होतं, समोर गठ्ठा होता, आणि काका "समजलं" म्हणून गेलेसुद्धा. त्या संध्याकाळपासून वरात सुरू झाली.

काकांचं गणित सरळ होतं. दिवसा झाडं हवा धुतात. धुतलेली हवा बाहेर जाऊ द्यायची नाही. म्हणून सकाळी झाडं आत आली की खिडक्या बंद. फटींना कागद चिकटवलेले. दार लावायचं, खाली पोत्याची गुंडाळी. मी एकदा म्हटलं, "काका, अहो गुदमरायला होतंय आत." त्यावर म्हणाले, "बाई, धुतलेलं धोतर कोणी गटारीवर वाळत घालतं का? बाहेर कारखान्याची हवा, ट्रकचा धूर. आतली हवा मी धुतलेली शे."

'धुतलेली हवा' हा त्यांचा आवडता शब्द. आल्यागेल्याला म्हणायचे, "बसा, जरा धुतलेली हवा घ्या." दुपारी जेवण झालं की ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसत बसायचे. सत्तावीस झाडं, शेकड्यानं पानं. फडकं काळं व्हायचं. ते मला दाखवायचे, "बघा. हे सगळं तिच्या छातीत गेलं असतं." आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय समाधान असायचं! मी तसं समाधान आमच्या शाळेत आदर्श शिक्षकाचा सत्कार होतानासुद्धा पाहिलेलं नाही.

डॉक्टरांनी काकूची परीक्षा घ्यायचा एक सोपा मार्ग त्यांना दाखवला होता. जळती काडी तोंडापुढं धरायची आणि फुंकर मारून विझवायला सांगायचं. काका रोज सकाळी झाडं आत लावून झाली की काकूपुढं काडी धरायचे. सुरुवातीला हातभर अंतरावरून विझायची. विझली की "चांगलं शे, चांगलं शे!" म्हणून ते गॅलरीत सगळ्यांना सांगत सुटायचे. नाही विझली की सायकलवर टांग मारायचे. "अजून दोन झाडं कमी पडतात," म्हणायचे. बरं वाटलं तर झाडांमुळं, नाही वाटलं तर झाडं कमी म्हणून. अशा माणसाशी वाद कसा घालायचा? मी हात टेकले.

दुसऱ्या पावसाळ्यात मी एकदा त्यांच्याकडं साबुदाण्याची खिचडी द्यायला गेले. काका नर्सरीत गेलेले. दार उघडलं आणि ओल्या मातीचा असा भपकारा आला की मीच खोकले. भिंतीच्या कडेला ओल चढलेली. डब्यांतल्या मातीवर पांढरी बुरशी, कापूस पिंजून पसरावा तशी. काकू पलंगावर दोन उशांना टेकून बसली होती. खिडकीचा कागद तिनं एका कोपऱ्यात नखानं सोडवला होता आणि त्या फटीला नाक लावून श्वास घेत होती.

मला बघून दचकली. मग हसली. "चोरी पकडलीस का गं पोरी?"

"काकू, हे काय चाललंय?"

"काय नाय. मातीचा वास लागला की छाती आवळती. गेल्या पावसाळ्यापासनं हाय. दिवसभर असंच. संध्याकाळी डबे बाहेर गेले की जरा बरं वाटतं."

मला असा संताप आला! स्वतःचा, काकांचा, त्या लेखाचा. "मी आत्ता काकांना सांगते. येऊ दे त्यांना."

काकूनं माझा हात धरला. त्या हातात एवढी ताकद शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं. "खबरदार सांगशील तर. माझ्या गळ्याची शपथ हाय."

"अहो पण जीव जातोय तुमचा!"

"जीव तर तंबाखूनं कधीच खाल्लाय. डॉक्टर तुझ्यापुढं बोलला ना? आज ना उद्या मी जायचीच." ती थांबली, दम घेतला, पुन्हा बोलली. "पण ह्यांना तू बघितलंस ना, कारखाना गेल्यावर? आठ महिने. मी रोज उठून आधी बघायची, माणूस जित्ता हाय का. त्या झाडांनी ह्यांना उठवलंय. आता तू सांगणार, तुमच्या झाडांनी बायकूला तरास झाला. मग ते काय करतील, सांग की. तू शिकलेली हायेस, सांग."

मी खिचडीचा डबा तिथं ठेवला आणि आले.

नंतर मी माझ्या परीनं चोरटे उद्योग केले. काही ना काही निमित्त काढून त्यांचं दार उघडं ठेवायची. बुरशीवर हळद टाकायला सांगितली. एकदा डॉक्टरांकडं तिघं मिळून गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल, बुरशी, धूळ असं काही?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू म्हणाली, "काही नाही डॉक्टरसाहेब. घर लख्ख असतं आमचं. हे दिवसभर पुसत असतात." आणि माझ्याकडं बघितलं. काका अभिमानानं मान हलवत होते. शपथ वगैरे मी मानत नाही, विज्ञान शिकवते. तरीही गप्प बसले, कारण काकूचं म्हणणं मला पटलेलं होतं. आजही ते चुकीचं होतं असं मला ठामपणे म्हणता येत नाही, आणि बरोबर होतं असंही नाही.

काडीचं अंतर कमी होत गेलं. हातभराचं वीतभर झालं, वीतभराचं चार बोटं. शेवटी शेवटी काका काडी तिच्या ओठांजवळ न्यायचे आणि बोटांना चटका बसेपर्यंत धरून ठेवायचे. काकू ओठांचा चंबू करायची, हवा यायची नाही. काका स्वतःच हळूच फुंकर मारून विझवायचे आणि म्हणायचे, "इझली बघ." तिलाही कळायचं आणि त्यांनाही. फेब्रुवारीत एका दुपारी ती गेली. झाडं सगळी आत होती, खिडक्या बंद होत्या आणि काका पामची पानं पुसत होते.

रामकुंडावर दशक्रिया करून आले त्या संध्याकाळी काका माझ्या दारात उभे राहिले. मुंडण केलेलं, खांदे पडलेले. म्हणाले, "बाई, खरं सांगा. तुमच्याशी ती बोलायची. माझ्या झाडांचा तिला कधी तरास झाला का?"

आता तर मला कोणाची शपथ अडवत नव्हती. पण तो चेहरा बघून माझ्या तोंडून निघालं, "छे हो काका. झाडं होती म्हणून एवढे दिवस काढले तिनं."

त्यांनी दोन्ही हात जोडले. मला नमस्कार केला हो त्या माणसानं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाटलं, संपलं प्रकरण. पण झालं भलतंच. काकांनी झाडं वाढवायला घेतली. पन्नास झाली, साठ झाली. महिन्याभरानं ते म्हणाले, "बाई, रविवारी मोकळ्या आहात का? अंबडला पगारेकडं जायचंय." पगारे म्हणजे त्यांच्याच खात्यातला जोडीदार. जन्मभर दगडी चाकाच्या धुळीत काम करून त्याचीही छाती गेली होती. "त्याच्या खोलीत दहा डबे मांडून देतो. पण त्याची बायको ऐकंना. तुम्ही चला, तुम्ही शिकवा तिला. तुमचं ऐकंल."

मी नाही म्हणू शकले असते. चाळीस कारणं देता आली असती. पण गेले. दहा डबे मांडीवर, पायाशी, असे रिक्षात घेऊन आम्ही दोघं अंबडला पोचलो. बुद्धविहारामागची एक स्वच्छ खोली. पगारेभाऊ खिडकीखालच्या खाटेवर बसलेले, खिडकी सताड उघडी. काकांनी आल्या आल्या खिडकी लावली आणि डबे मांडायला लागले. "आता बघ, पगारे. धुतलेली हवा काय असती ती."

पगारेवहिनी माझ्याजवळ आल्या. अंगणवाडीत काम करणारी बाई, डोळ्यांत डोळे घालून बोलणारी. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून विचारते. या ओल्या मातीनं यांचा खोकला वाढायचा नाही ना?"

पगारेभाऊंना तेवढ्यात ढास लागली. काका पाठमोरे होते, पण हात थांबले होते त्यांचे. मला कळलं, आता खोटं बोलले तर दुसरा माणूस जाईल, आणि खरं बोलले तर काका.

"वाढेल," मी म्हटलं. "मातीला बुरशी लागते. अनसाकाकूला फार त्रास झाला. दहा कुंड्यांनी खोलीची हवा शुद्ध होत नाही. खिडकी उघडी ठेवा."

काका वळले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी हात लांब करून खिडकीची कडी काढली, दोन्ही झडपा नीट मागं भिंतीला लावल्या, त्या परत येऊ नयेत म्हणून खाली विटेचा तुकडा लावला. मग एकेक डबा उचलून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. पगारेवहिनींनी चहा ठेवला होता, तो त्यांनी घेतला. पगारेभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जप." आणि निघाले.

पुढं दोन महिन्यांत काकांनी खोली सोडली आणि कळवणकडं भावाकडं गेले. जाण्याआधी सगळी झाडं पंचवटीतल्या एका फूलवाल्याला देऊन टाकली. गावी ते फार दिवस राहिले नाहीत. वर्षभरातच ते गेल्याचं त्यांच्या पुतण्याचं कार्ड आलं. जेवणखाण सोडलं होतं, असं त्यात होतं. आजार कोणता ते लिहिलेलं नव्हतं. काकूला ज्याची भीती होती तेच झालं, आणि ते माझ्या तोंडून झालं. लोक म्हणतात, तुमचा काय दोष. लोकांना म्हणायला काय जातं?

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती अंबडहून परतीची वाट. रिक्षा मिळाली नव्हती, म्हणून त्रिमूर्ती चौकापर्यंत आम्ही चालत आलो. काका ओरडतील, दोन शिव्या घालतील, अशी मी वाट बघत होते. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, "किती दिवस सोसत होती?"

"दीड वर्ष."

"तुम्हाला केव्हापासून ठावं होतं?"

"शेवटचे सहा महिने. तिनं शपथ घातली होती, काका. तुमचं मन मोडेल म्हणून. तुमच्या हाताला काम राहावं म्हणून."

ते चालता चालता थांबले. बाजूनं ट्रक जात होते, धूळ उडत होती. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"सकाळी एक तास आत न्यायला," ते म्हणाले. "संध्याकाळी एक तास बाहेर काढायला. दुपारचे तीन तास पानं पुसायला. नर्सरीत जायचो ते येगळंच. रोज." मोजलेली बोटं त्यांनी मिटली. "बाई, मला वाटायचं मी हे तिच्यासाठी करतोय, म्हणून तिच्याकडं पाठ करून बसायचो. मला एका शब्दानं सांगितलं असतं, तर तेवढा येळ मी तिच्यापाशी बसलो असतो."